नाव ठेवायचे आहे

माझी मुलगी सात महिन्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं, आणि याला सरकार आणि माझ्या सासूबाई सारख्याच जबाबदार होत्या. दोघांपैकी जास्त हट्टी कोण, याचा निकाल अजून लागलेला नाही.

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्याने बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, 'कुर्र' करून नाव सांगायचं, आणि ती सांगत असताना बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत दणादण बुक्के घालायचे, अशी आमच्याकडची रीत. आमच्या घरात आत्या एकच, माझी नणंद रुपालीताई. आणि ती दोन वर्षांपासून जेलात होती.

चोरीमारी काही नाही. चाकणच्या एका कंपनीत ती कंत्राटावर वायरिंगच्या लाइनला होती. आठ तासांच्या शिफ्टमध्ये दोनदाच बाथरूमला जायचं, तेही सुपरवायझरकडून टोकन घेऊन, असा तिथला नियम. तिने बायका गोळा केल्या, पत्रक छापलं, गेटवर ठाण मांडलं आणि भाषण केलं. ते पत्रक मी वाचलंय. त्यात बाथरूम होतं, प्यायचं पाणी होतं आणि शेवटी दोन ओळी सरकारबद्दल होत्या. त्या दोन ओळींवरून तिला ते मोठं कलम लागलं, ज्यात जामीन मिळत नाही आणि खटलाही उभा राहत नाही. बाथरूमला जाऊ द्या म्हणणाऱ्या बाईपासून देशाला धोका कसा, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

ती आत गेली आणि आम्ही बाहेर भोगायला लागलो. माझा नवरा सुजित दुसऱ्याच एका कंपनीत कामाला होता. तिथे आडनाव वाचून त्याला घरी बसवलं. मग तो शाळेची व्हॅन चालवायला लागला. निगडीच्या घरमालकांनी फार गोड बोलून खोली परत मागितली. म्हणाले, भाचीचं लग्न ठरलंय, पाहुणे यायचेत. त्या भाचीचं लग्न अजूनही ठरतंच आहे. आम्ही मारुंजीला आलो, जिथे शेजारचे आयटीवाले लिफ्टमध्येसुद्धा मोबाइलकडे बघतात, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं. ओळखीपाळखीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं. थोडक्यात काय, सगळं जग आम्हाला नावं ठेवत होतं आणि माझ्या पोरीला मात्र नाव ठेवायला कुणी नव्हतं.

तशी रुपालीताई वेळेच्या आधीच कामाला लागली होती. मला नववा महिना लागला तेव्हा तिने जेलातून पत्र लिहिलं. ते पत्र आम्हाला मिळालं नाही. पत्राच्या ऐवजी एका दुपारी दोन साहेब आले. साधे कपडे, पायात मात्र पोलिसांचे बूट. एक आपल्याकडचाच होता. दुसरा बाहेरच्या राज्यातला, मोडकं मराठी बोलणारा, पण हुद्द्याने मोठा. त्याच्या हातात पत्राची झेरॉक्स होती आणि त्यावर लाल शाईने गोल केलेले.

"हा केयूर कोण आहे?" त्याने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. सुजित व्हॅन घेऊन गेलेला, सासरे झोपलेले. घरात मी आणि सासूबाई. माझ्या सासूबाई म्हणजे मंजुळाबाई जगदाळे, माण तालुक्यातून चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या, तरी भाषा अजून तिथलीच. कुणाला घाबरणं त्यांना जमत नाही, शिकवलं तरी येत नाही.

"आमी न्हाई वळखत," त्या म्हणाल्या.

साहेब झेरॉक्स वाचायला लागले. "केयूर, दिसायला चांगला, पण टिकणार नाही. दिग्विजय, जास्त आक्रमक आहे, याने भांडणं होतील. समर्थ, चालेल, पण असे आधीच खूप आहेत. चित्रा, जुनी, पण भरवशाची. सुखदा, शांत, सगळ्यांना चालेल, आईला विचारा." त्यांनी मान वर केली. "ही पूर्ण गँग आहे. ही सुखदा आत्ता कुठे आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला हसू आवरेना, आणि नववा महिना लागलेल्या बाईने हसणं आवरलं तर ते भलतीकडेच दुखतं. सासूबाईंना माझ्या आधीच कळलं होतं, कारण त्यांचा हात सरळ माझ्या पोटाकडे गेला.

"हितं हाय," त्या म्हणाल्या.

"इथे लपली आहे?"

"लपली न्हाई, झोपली आसंल."

"बाहेर कधी येणार?"

"डाक्टर म्हनत्यात ईस तारकंपतुर. आन सुखदाच आसंल आसं काय न्हाई. केऊर बी आसू शकतो."

आपल्याकडच्या साहेबाने तोंडावर रुमाल धरला. मोठ्या साहेबाने डायरीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, आता कळलं असेल, आता जातील हसत. पण लाल गोल एकदा कागदावर उमटला की तो पुसायचा अधिकार कुणालाच नसतो. चौकशी सुरू झाली. चौकशी पुरी होईपर्यंत रुपालीताईची पत्रं बंद आणि मुलाखती बंद. जेलातल्या भेटीला मुलाखत म्हणतात, जणू तिथे नोकरीच मिळणार आहे.

वीस तारीख हुकवून बावीसला मुलगी झाली. बाराव्या दिवशी मी म्हटलं, पाळण्यात घालू, सुखदा ठेवू, सुटका करू. सासूबाई म्हणाल्या, "आत्या हाय की जित्ती."

"आई, ती जेलात आहे."

"मंग? जेलात गेली म्हून काय आत्या न्हाई ऱ्हायली का? नोकरी गेली तिची, घर गेलं, लगीन ऱ्हायलं. ह्यो एकच मान उरलाय तिच्याकडं. त्यो बी आपुनच काढून घ्यायचा?"

मी चिडले. खरं सांगते, फार चिडले. पोर माझी, नऊ महिने मी वाहिली, आणि लसीच्या कार्डावर नावाच्या जागी 'विजयश्रीचे बाळ' असं लिहिलेलं. नर्स दर वेळी विचारायची, मी दर वेळी खोटं बोलायचे. एकदा रात्रभर पोर रडली तेव्हा मी सासूबाईंना नको ते बोलले. म्हटलं, तुम्हाला तुमच्या लेकीचं पडलंय, माझ्या लेकीचं नाही. त्यांनी पोरीला माझ्याकडून घेतलं आणि सकाळपर्यंत खांद्यावर घेऊन फिरल्या. तिला कुठल्याच नावाने हाक मारता येत नव्हती, म्हणून नुसतं "आगं माजे बाय, आगं माजे बाय" चाललेलं. ते ऐकून मला माझीच लाज वाटली, आणि त्यानंतर मी नावाचा विषय काढला नाही.

सात महिन्यांनी चौकशी संपली. वकिलांनी कागद वाचून दाखवला. 'सखोल तपासाअंती सदर इसम अस्तित्वात नसल्याचे निष्पन्न झाले.' आम्ही तिघं खो-खो हसलो. सासरे हिंदुराव, भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये तीस वर्षं काढून कानाने गेलेले, काय झालं काय झालं म्हणून विचारत राहिले. सुजितने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, तेव्हा ते आमचं हसून झाल्यावर एकटेच पाच मिनिटं हसले.

पण त्याच कागदाच्या मागे दुसरा कागद होता. रुपालीताईची बदली विदर्भातल्या जेलात. पुढच्याच आठवड्यात. तिकडे जायचं म्हणजे जाऊन-येऊन तीन दिवस, व्हॅन बंद, तान्ही पोर बरोबर. वर्षातून एखादी खेप झाली तरी खूप. त्याआधी इथे एक मुलाखत मिळणार होती, शनिवारी, वीस मिनिटांची. नाव ठेवायचं तर त्या वीस मिनिटांतच. नाहीतर माझी पोर बालवाडीत जाईपर्यंत 'माजे बाय'च राहणार होती.

शुक्रवारी सासूबाईंनी हरभरे भिजत घातले. बारशाला घुगऱ्या पाहिजेतच. मी म्हटलं, आई, आत डबा नेऊ देत नाहीत. त्या म्हणाल्या, "आत न्हाई, भायेर तर वाटता येत्याल?" मोठं पातेलं भरून घुगऱ्या केल्या, वर खोबरं. माझी पैठणी काढली, पोरीला काजळाची तीट लावली, आणि शाळेच्या पिवळ्या व्हॅनमधून आम्ही जेलात बारशाला निघालो.

मुलाखतीला मोठी माणसं तिघंच सोडतात. सासरे आपणहून मागे सरले. "फोनवर मला काय ऐकू येनार? तुमी जावा," म्हणाले, आणि पातेलं घेऊन गेटबाहेरच्या रांगेपाशी बसले. वर्षभरात लेकीला पाहिलं नव्हतं त्यांनी. पण रांगेतल्या बायाबापड्यांना द्रोण भरून देताना त्यांचा चेहरा असा होता की जणू मांडवच घातलाय.

खिडकीवर ज्योतीराम नावाचे कारकून होते, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी आमची नावं लिहिली, आधारकार्डं बघितली, आणि मग विचारलं, "बाळाचं नाव?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही म्हणजे? नावाशिवाय आत सोडता येत नाही."

"नाव आतून आणायचंय," सुजित म्हणाला.

"आतून काही आणता येत नाही," ज्योतीराम म्हणाले. ते सवयीने बोलले, पण मागची सगळी रांग हसली.

सासूबाई पुढे झाल्या. "सायेब, आत्या आत हाय. तिनं ठिवल्याबिगर नाव न्हाई, आन नाव असल्याबिगर तुमी सोडीत न्हाई. आता तुमीच सांगा, आदी काय करायचं?"

ज्योतीरामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं, झालं, इथेच बारसं संपलं. ते रजिस्टरवर वाकले, रकान्यात हळूहळू काहीतरी लिहिलं, आणि वही आमच्याकडे फिरवली. बाळाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'ठेवायचे आहे'. "लवकर आटपा," ते म्हणाले. "मला घुगऱ्या ठेवा."

मुलाखतीच्या खोलीत मधोमध जाड काच. अलीकडे आम्ही, पलीकडे त्या, मधे फोन. एका ओळीत सहा खिडक्या. बाकीच्यांचं बोलणं कुणी ऐकतं की नाही ठाऊक नाही, पण रुपालीताईला ते मोठं कलम, म्हणून तिचा शब्द न् शब्द ऐकला जायचा. आमच्याच बाजूला कोपऱ्यात टेबलाशी एक तरुण शिपाई बाई कानाला हेडफोन लावून बसायची. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं अंजली. दोन वर्षांत तिने आमच्या घरची एकूण एक गोष्ट ऐकली होती, माझे डोहाळेसुद्धा, आणि आमच्याशी ती कधी एका शब्दाने बोलली नव्हती. सासूबाई तिला 'कानवाली' म्हणायच्या.

रुपालीताई आली. बारीक झाली होती, केस पांढरे व्हायला लागलेले, आणि जेलच्या साडीवर कुठून तरी मिळवलेली पिवळी शेवंती केसांत माळलेली. वकिलांकडून निरोप पोचला होता, बारशाला आली होती ती! तिने पोरीला पाहिलं आणि दोन्ही तळवे काचेला टेकवले. पोरीने इकडून काच चाटली. मग आम्ही सगळेच रडलो आणि त्यात पाच मिनिटं गेली, पण त्या पाच मिनिटांबद्दल माझी तक्रार नाही.

सासूबाईंनी फोन घेतला. "रडनं फुरं. कानात सांग, चल."

मी पोरीला काचेशी धरलं. सुजितने फोन तिच्या कानाला लावला. पलीकडे रुपालीताई फोन तोंडाशी नेऊन वाकली, आणि तेवढ्यात तिच्या दोन्ही बाजूच्या खिडक्यांवरच्या बायका उठल्या. त्यांची माणसं इकडे ताटकळत बसली होती, त्यांचीही वीस मिनिटंच होती, पण त्यांनी हातातले फोन खाली ठेवले, पदर खोचले आणि रुपालीताईच्या पाठीत बुक्के घालायला लागल्या. रीतसर, दणादण. तिने बराकीत सगळ्यांना आधीच आवतण दिलेलं असणार. सासूबाईंनी इकडून टाळ्या वाजवल्या. "हाना, हाना! आनी हाना!" म्हणून ओरडल्या. रुपालीताईचे ओठ हलत होते. पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती.

आणि घंटा झाली.

शेजारच्या खोलीत एक साहेब कॅमेऱ्याच्या पडद्यावर मुलाखती बघत असतात. पडद्याला आवाज नसतो. त्यांना काय दिसलं, तर एका कैद्याला दोघी मिळून बडवतायत आणि बाहेरचे नातेवाईक टाळ्या वाजवतायत. त्यांनी लाइन तोडली. पलीकडे शिपाई बायका धावत आल्या, तिघींना वेगळं केलं. त्या तिघी हसत होत्या, हातवारे करून पाळणा दाखवत होत्या. समजायला वेळ लागला, आणि समजेपर्यंत वेळ संपला होता.

"काय म्हणाली?" मी सुजितला विचारलं.

"मला काय माहीत? फोन हिच्या कानाला होता."

आम्ही तिघांनी पोरीकडे बघितलं. अख्ख्या जगात तिचं नाव फक्त तिला माहीत होतं, आणि ती सांगत नव्हती. पलीकडून रुपालीताई तोंड मोठं करून काहीतरी म्हणत होती. सुजितला ते 'मंगला' वाटलं, मला 'अमला'. सासूबाई म्हणाल्या, दोन्ही न्हाई. शिपाई बाईने रुपालीताईच्या दंडाला धरलं. ती पाय रोवून उभी राहिली. पुढच्या आठवड्यात ती सातशे किलोमीटर लांब जाणार होती. सात महिने थांबलो ते यासाठी?

सासूबाई वळल्या. तरातरा कोपऱ्यात गेल्या आणि अंजलीच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"पोरी, तू ऐकलं आसशील."

अंजली दचकली. "आजी, आम्हाला ते सांगता येत नाही."

"दोन वरीस ऐकतीयास. माझ्या गुडघ्याचं ऐकलंस, हिच्या डोहाळ्याचं ऐकलंस. आमी कवा काय म्हनलं का? सरकारनं तुला ऐकायलाच बशिवलंय. मंग जे ऐकलं ते सांग की. आज तेवडा तरी उपेग हू दे."

सहाही खिडक्यांवरची माणसं बघत होती. अंजलीने दाराकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. मग तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तिचे डोळे भरलेले होते.

"मंजुळा," ती म्हणाली.

"आं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपल्यालाच हाक मारली.

"नाव. मंजुळा ठेवलंय." मग ती भराभर बोलायला लागली, ऐकलेलं विसरायच्या आत सांगून टाकावं तसं. "त्या म्हणाल्या, कुर्र, मंजुळा. म्हणाल्या, तुझी आजी ऊन म्हणाली नाही, पाऊस म्हणाली नाही, मुलाखती चालू होत्या तोवर दर पंधरा दिवसांनी इथे आली. आता तिचं नाव तू घे. आणि म्हणाल्या, तुझ्या आईला सांग, हाक मोठ्यांदा मारायची. मला तिकडे ऐकू आली पाहिजे."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी पदर तोंडावर घेतला. "आगं बया! जित्तेपनी माजं नाव? लाज हाय का हिला काय?" असं म्हणत होत्या आणि पदराआड हसत होत्या की रडत होत्या ते कळत नव्हतं. बाकीच्या खिडक्यांवरून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. सुजित भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कारण त्याला रडताना कुणी बघितलेलं चालत नाही.

आणि मी? सासूचं नाव सुनेने घ्यायचं नाही, हे मला लग्नाच्या दिवशीच सांगितलेलं. पाच वर्षं ते नाव माझ्या तोंडातून गेलं नव्हतं. आता तेच नाव घेऊन मी न्हाऊ घालणार होते, भरवणार होते, दम देणार होते. रुपालीताईने तिकडून काय उचापत करून ठेवली होती ते माझ्या हळूहळू लक्षात यायला लागलं.

तेवढ्यात पोरीने फोनची वायर पकडली. मुठीत घट्ट धरून तोंडात घालायला लागली. सासूबाई डोळे पुसत धावल्या आणि दुसऱ्या टोकाने वायर ओढायला लागल्या. ही सोडेना, त्या सोडेनात, सरकारी वायर तुटायच्या बेताला आली. मी घाबरून जोरात ओरडले.

"मंजुळे, सोड!"

आधी हात सोडला तो सासूबाईंनी.

मग त्या स्वतःच हसायला लागल्या, खदाखदा, खाली बसून, गुडघ्याला हात लावून. मी त्यांच्या पाया पडू की पोरीला सोडवू ते मला कळेना. काचेपलीकडे रुपालीताईला आवाज पोचला नसणार. पण आधी हात कुणी सोडला ते तिला दिसलं होतं. शिपाई बाई तिला दाराकडे नेत होती, आणि ती पोट धरून हसत हसत, वळून वळून आमच्याकडे बघत चालली होती. मी पोरीला वर उचललं आणि ती दाराआड होईपर्यंत त्या नावाने हाका मारत राहिले, जेवढ्या मोठ्यांदा मारता येतील तेवढ्या.